लाल पानांची शिकार

शरदात जपानला जायचं नक्की झालं, तेव्हा मी नागोयातल्या भाच्याला फोन लावला. विचारलं, "तिकडचा शरद ऋतू कधी असतो रे?"

"मामा, किती मीटरवरचा हवाय?"

मला वाटलं, आवाज नीट येत नाहीये. मी ऋतूबद्दल विचारत होतो आणि हा लक्ष्मी रोडवरच्या कापडवाल्यासारखा मीटरात बोलत होता.

आवाज नीट येत होता. जपानात पानं लाल-पिवळी होण्याला 'कोयो' म्हणतात आणि हा कोयो सगळीकडे एकदम होत नाही. सप्टेंबरच्या मध्यावर तो उत्तरेला, होक्काइदोतल्या दाइसेत्सुझानच्या डोंगरमाथ्यावर पहिल्यांदा दिसतो. मग तिथून एकाच वेळी दोन दिशांना निघतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि वरून खाली. क्योतोच्या देवळांपर्यंत पोचायला त्याला नोव्हेंबरचा शेवट उजाडतो. आपलं हवामान खातं मान्सूनची रेषा केरळापासून वर सरकवत नेतं, तशी तिथे लाल रेषा खाली सरकत येते. उंची शंभर मीटर वाढली की हवा साधारण अर्ध्या अंशाहून थोडी जास्त थंड होते, म्हणून डोंगरावरचं झाड पायथ्याच्या झाडाच्या कितीतरी आधी पिकतं.

याचा व्यवहारातला अर्थ भाच्यानं समजावला. "मामा, उंच डोंगरावरचा शरद आणि क्योतोतला शरद एका सहलीत सापडत नाहीत."

भाऊबंदकी झालेल्या दोन घरांसारखं आहे हे. एकाच लग्नाला दोघं येतात, पण एक घर जेवून निघाल्याशिवाय दुसरं मांडवात पाऊल टाकत नाही.

आम्ही जाणार चौघं. मी, बायको, मेहुणी आणि साडू. चौघांनीही पासष्टी ओलांडलेली. बायकोला क्योतोतल्या देवळांमागची लाल पानं हवी होती. मेहुणीकडे कुठलंसं जुनं कॅलेंडर आहे, त्यात वर बर्फ, मध्ये लाल झाडी आणि खाली हिरवं रान असा फोटो आहे. तिला तो प्रत्यक्ष पाहायचा होता. साडू रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांना पानांशी कर्तव्य नव्हतं, गाड्यांशी होतं. मला काहीही चालणार होतं, आणि माझ्या या मताला घरात नेहमी मिळते तेवढीच किंमत मिळाली.

साडूंनी एक्सेल शीट उघडलं. तारीख, गाव, गाडी, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, फलाट. जपानी रेल्वेवर त्यांची जी भक्ती आहे ती पाहून पंढरपूरच्या वारकऱ्यानंही माळ सावरून घ्यावी. १ ऑक्टोबर १९६४ ला पहिली शिंकान्सेन धावली, हे ते घरातल्या मुंजीची तारीख सांगावी तसं सांगतात. २०१७ साली टोकियोजवळची एक गाडी वीस सेकंद लवकर सुटली, म्हणून कंपनीनं जाहीर माफी मागितली होती. ही गोष्ट त्यांनी आम्हाला चार वेळा ऐकवली आणि चारही वेळा त्यांचा आवाज भरून आला.

पण शीटमध्ये 'पानं' असाही एक रकाना होता, आणि तो रिकामा होता. ज्या देशात गाडी वीस सेकंद लवकर सुटली तर माफी मागतात, त्या देशात आपण जे पाहायला चाललोय ते दोन आठवडे इकडेतिकडे झालं तर कोणीही माफी मागत नाही, हे साडूंच्या पचनी पडेना. "कोणीतरी जबाबदार असेलच ना?" ते म्हणाले.

तर आहे. जपानच्या हवामान खात्यानं ठिकठिकाणी मेपल आणि गिंकोची ठरावीक झाडं नेमलेली आहेत. त्या नेमक्या झाडाची बहुतेक पानं रंगली की खातं तशी नोंद करतं. पूर्वी खातं कितीतरी प्राण्यापक्ष्यांच्या नोंदीही ठेवायचं. पहिला बेडूक कधी दिसला, सिकाडा किडा पहिल्यांदा कधी ओरडला वगैरे. २०२१ पासून प्राणी सगळे बंद केले आणि वनस्पतींच्या फक्त सहा जाती ठेवल्या. त्यात मेपल आणि गिंकोच्या नोकऱ्या वाचल्या. मात्र गेल्या पन्नासेक वर्षांत मेपलचं लाल होणं सुमारे दोन आठवडे लांबलंय. हवा तापतेय, हे त्याचं कारण. पण सरकारी झाड म्हटल्यावर ते उशिरा कामावर येणार, याचं मला नागरिक म्हणून फारसं आश्चर्य वाटलं नाही.

पानं रंगतात कशी, हेही भाच्यानं सांगितलं. रात्री गार पडू लागल्या की झाड पानांमधलं हरितद्रव्य मोडीत काढतं. मेपलच्या पानात साखर अडकून राहते आणि दिवसाच्या उन्हात तिच्यापासून लाल रंग नव्यानं तयार होतो. गिंकोचं तसं नाही. त्याचा पिवळा रंग उन्हाळाभर आतच असतो, हिरव्याखाली झाकलेला. हिरवा गेला की तो उघडा पडतो.

"म्हणजे हे गिंको," बायको माझ्याकडे न बघता म्हणाली. "नोकरी होती तोवर झाकलेलं होतं."

पिकल्या पानांचा आणि वयाचा संबंध जपान्यांनाही सुचला होता. १९९७ साली तिथे वयस्कर ड्रायव्हरांच्या गाडीवर लावायला एक खूण आली. केशरी-पिवळं, पानाच्या आकाराचं स्टिकर. लोक त्याला मोमिजी खूण म्हणजे मेपलची खूण म्हणू लागले. काही टवाळांनी तिचं नाव 'वाळकं पान' ठेवलं. म्हातारे चिडले. शेवटी २०११ मध्ये सरकारनं खूण बदलून चार पाकळ्यांचं रंगीत क्लोव्हर आणलं. आपल्याकडे 'पिकलं पान' म्हटल्यावर कोणी चिडत नाही, उलट बसमध्ये बसायला जागा मिळते. तर अशी चार पिकली पानं लाखो पिकली पानं पाहायला निघणार होती.

या पानं बघायला जाण्याला जपानीत 'मोमिजीगारी' म्हणतात. शब्दशः अर्थ, मेपलची शिकार. हा शब्द कळला तेव्हा मला एकदम हायसं वाटलं. शिकारीला जाणारा माणूस वाघाला तारीख देत नाही. मचाण कुठे बांधायचं तेवढं तो ठरवतो.

पण साडूंना मचाणाची तारीखही हवी होती. त्यांनी तारखा मांडायला घेतल्या.

ऑक्टोबरच्या सुरुवातीचा पहिला बेत ताकायामावर आपटला. हिदाच्या डोंगरातलं हे जुनं गाव, लाकडी घरांच्या गल्ल्यांचं. ९ आणि १० ऑक्टोबरला तिथे शरदाचा उत्सव असतो आणि ११ नक्षीदार रथ बाहेर काढतात. त्या दोन दिवसांत गावात खोली मिळवायची तर आदल्या जन्मीच अर्ज करायला हवा होता. वर भाच्यानं सांगितलं की पाऊस आला तर रथ कोठारातून बाहेरच येत नाहीत. जुनं लाकूड, जुनं लाखकाम, भिजू कसं द्यायचं? मेहुणीला हे अजिबात पटलं नाही. पाऊस पडल्यावरच मिरवणुकीला रंग चढतो, अशा गावात ती वाढली आहे.

दुसरा बेत निक्कोचा. लाल पानांसाठी निक्को फार नावाजलेलं. तिथून चुझेन्जी सरोवराकडे जाणारा इरोहाझाका नावाचा घाट आहे. चढायचा रस्ता वेगळा, उतरायचा वेगळा, दोन्हींची मिळून ४८ वळणं. जपानी मुळाक्षरांच्या जुन्या मालिकेतही ४८ अक्षरं, म्हणून प्रत्येक वळणाला एकेक अक्षर दिलेलं आहे. कल्पना सुंदर आहे. पण मेहुणीला वाईच्या पसरणी घाटात दुसऱ्याच वळणावर गाडी लागते. कोयोच्या दिवसांत या घाटात गाड्यांची अशी रांग लागते की एकेका अक्षरावर बराच वेळ मुक्काम होतो. हाच घाट मराठीत असता, तर 'अं' आणि 'अः' ही दोन वळणं तिच्या नावानं राखून ठेवावी लागली असती. निक्को कटाप.

तिसरा बेत बायकोचा. नोव्हेंबरचा शेवट, सरळ क्योतो. तोफुकुजी देवळाच्या दरीत सुमारे दोन हजार मेपल आहेत आणि वरून एक झाकलेला लाकडी पूल जातो. त्या पुलावरून खाली पाहिलं की लाल ढगांवर उभं असल्यासारखं वाटतं म्हणे. या ढगांवर उभं राहायला इतकी माणसं येतात की ऐन हंगामात पुलावर थांबून फोटो काढायला मनाई करतात. त्यात २३ नोव्हेंबर ही तिथली राष्ट्रीय सुट्टी. शिवाय त्या दिवसांत क्योतोत पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. जपानीत म्हणच आहे की शरदातला सूर्य विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा बुडतो. ज्या घरात दुपारची झोप चारला संपते आणि चहा साडेचारला होतो, त्या घरानं सूर्याच्या या वेळा पाळायच्या कशा? आमचा दिवस सुरू होईस्तोवर पोहरा तळाला गेलेला असणार.

शीटमधले तिन्ही बेत लाल झाले. पानं सोडून सगळं लाल झालं होतं.

मग एका रात्री भाच्यानं त्याचं ते मीटरचं गणित पुन्हा मांडलं. "मामा, तारीख धरून बसू नका. उंची धरा. जिथे एका दिवसात खूप वर आणि खूप खाली जाता येतं, तिथे जा. पानं कुठल्या ना कुठल्या मजल्यावर सापडतीलच."

अशी जागा म्हणजे तातेयामा-कुरोबे मार्ग. डोंगररांग आरपार ओलांडणारा हा रस्ता १९७१ मध्ये पूर्ण खुला झाला. सुरुवातीचं तातेयामा स्टेशन ४७५ मीटरवर, सर्वात उंच थांबा मुरोदो २४५० मीटरवर, आणि मग पलीकडे उतार. आधी दोरखंडानं ओढली जाणारी केबल कार, मग बस, मग डोंगराच्या पोटातून बोगद्यातली बस, मग रोपवे, मग पुन्हा केबल कार, मग कुरोबे धरणाच्या भिंतीवरून पायी, आणि शेवटी आणखी एक बोगद्यातली बस. एका दिवसात सहा वाहनं! रोपवे तर पावणेदोन किलोमीटरच्या आसपास आणि मध्ये एकही खांब नाही. हे ऐकून साडूंनी चष्मा काढून पुसला. मेहुणीचंही काम झालं. तिच्या कॅलेंडरातला वर बर्फ, मध्ये लाल, खाली हिरवं हा देखावा इथलाच. जपानी लोक त्याला 'तीन मजली कोयो' म्हणतात. पहिला बर्फ वेळेवर पडला आणि मधला मजला तोवर गळून गेला नसेल, तर तो दिसतो. मेहुणी म्हणाली, "तिन्ही मजले नको मिळू देत, दोन मिळाले तरी पुरे." पुण्यात फ्लॅट शोधून शोधून माणूस एवढा समंजस होतो.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा नक्की झाला. मग बाकीचे मणी आपोआप ओवले गेले.

कामिकोची १५०० मीटरवर आहे. तिथे करामात्सु नावाचं सूचिपर्णी झाड आहे. सूचिपर्णी असूनही ते शरदात सोनेरी होतं आणि सुया गाळतं, म्हणजे नावातच करामत. १९७५ पासून तिथे खासगी गाड्यांना बंदी आहे, बसनंच जायचं. १५ नोव्हेंबरनंतर अख्खी दरी हिवाळ्यासाठी बंद.

शिराकावा-गोला जाऊन तिथली जाड गवती छपरांची घरं पाहायची. १९९५ पासून ती जागतिक वारशात आहेत. घरांच्या या शैलीला 'गाश्शो' म्हणतात. गाश्शो म्हणजे जोडलेले हात. छप्पर इतकं उभं की नमस्कारासारखं दिसतं. बर्फ टिकू नये म्हणून हा उतार. आणि छप्पर शाकारायचं असेल तेव्हा गावातले सगळे मिळून एकाच्या घरावर चढतात. आमच्या सोसायटीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय निघाला की सगळे मिळून एकाच्या अंगावर चढतात.

त्सुमागो ते मागोमे हा साधारण आठ किलोमीटरचा जुना रस्ता पायी. एडो आणि क्योतोला जोडणाऱ्या नाकासेन्दो मार्गावरचे हे मुक्काम. त्सुमागोच्या लोकांनी आपल्या घरांसाठी तीन नियम केलेत. विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. हे वाचून साडू गप्प झाले. त्यांच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या जागी आता सात मजले उभे आहेत. या वाटेवर जागोजागी घंटा टांगलेल्या आहेत. येणाऱ्याजाणाऱ्यानं वाजवायच्या, म्हणजे अस्वलं दूर राहतात. आपण घंटा वाजवतो ती देवाचं लक्ष जावं म्हणून. इथे वाजवायची ती कोणाचंही लक्ष जाऊ नये म्हणून. मेहुणीनं दोन्ही हेतूंनी वाजवायचं ठरवलंय.

आता सामान. शिंकान्सेनच्या मुख्य मार्गावर २०२० पासून नियम आहे. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली, तर तिच्यासाठी वेगळी जागा आधी राखावी लागते. साडू शिलाई मशीनमधला टेप घेऊन आमच्या घरी आले. बायकोची बॅग १६३ भरली. "तीन सेंटिमीटरला काय होतंय," असं ती म्हणाली आणि साडूंनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू तिनंच ती गाडी वीस सेकंद लवकर सोडली होती. त्या तीन सेंटिमीटरांत भाजणी, मेतकूट आणि दीडशे चकल्या होत्या.

तोडगा भाच्याकडे होताच. तिथे मोठी बॅग एका हॉटेलातून पुढच्या हॉटेलात परस्पर पाठवता येते, बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते. आपण डोंगरात खांद्याला पिशवी लावून मोकळे. ही सेवा १९७६ मध्ये सुरू झाली, आणि जिनं ती सुरू केली त्या कंपनीचं बोधचिन्ह आहे पिल्लाला तोंडात धरून नेणारी काळी मांजर. बायको म्हणाली, "काळी मांजर? आणि सामान तिच्या हवाली करायचं?" काळं मांजर आडवं गेलं की पाच पावलं मागे यायचं, ही आमच्या घरची रीत. या मांजरीनं नेलेल्या चकल्या सुखरूप परत मिळतात, हे भाच्यानं शपथेवर सांगितलं तेव्हा कुठे ती तयार झाली.

खाण्याचा प्रश्न त्याहून नाजूक. बायको आणि मेहुणी शाकाहारी. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी' नावाचं सार, आणि त्यात बहुतेक वेळा लाकडासारखा कडक वाळवलेला, किसणीवर किसलेला बोनिटो मासा असतो. वाटीत मासा दिसत नाही. रस्सा निर्मळ, वर भाजी तरंगतेय, आणि तरीही मासा आहे. सर्वव्यापी आणि अदृश्य. बायको म्हणाली, ही उपमा देवासाठी राखून ठेवलेली बरी.

म्हणून कोयासान. ८१६ साली कुकाई या भिक्षूला मिळालेला हा डोंगर, सुमारे ८०० मीटर उंचीवरचा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे लाली येते, म्हणजे आमच्या वाटेवरच. तिथल्या देवळांत मुक्काम करता येतो आणि जेवण मठातलं. मासे नाहीत, मटण नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. "म्हणजे चातुर्मासच," मेहुणी खूश झाली. रात्रीचं जेवण सहाच्या सुमारास आणि पहाटे प्रार्थना. मला जरा धाकधूक वाटली, पण तिथल्या जुन्या थडग्यांच्या दगडांवर सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरं कोरलेली आहेत असं कळलं. देवनागरीची ही चुलत बहीण. एवढ्या लांब जाऊन नातेवाईक भेटणार असतील तर सहाला जेवायची तयारी आहे.

आता उरलं क्योतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिथे पोचू आणि तिथली पानं हिरवी असतील. मी ही बातमी बायकोला हळूहळू, दाताच्या डॉक्टरासारखी, गोड बोलत दिली.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हिरव्या पानांना गर्दी असते?"

"नसावी."

"पुलावर फोटो काढू देतात?"

"मनाई फक्त लाल पानांच्या दिवसांत असते."

"मग हिरवीच बरी. आपल्या सोसायटीतल्या देशी बदामाची पानं दर वर्षी लाल होऊन पडतात, तेव्हा कोण बघतं? तुम्ही वॉचमनला झाडायला सांगता."

महिनाभर एक्सेल शीटला जे सुटलं नव्हतं, ते या दोन प्रश्नांत सुटलं.

शीटमधली शेवटची ओळ भरायची राहिली होती. परतीच्या विमानाआधी ओसाकात अर्धा दिवस मोकळा होता. भाच्यानं मिनो सुचवलं. शहरापासून गाडीनं अर्ध्या तासावर, ओढ्याकाठची वाट आणि शेवटी ३३ मीटरचा धबधबा. तिथली पानंही तेव्हा हिरवीच असतील. पण वाटेवरच्या दुकानांत वर्षभर मोमिजीची भजी मिळतात. खरोखरच्या मेपलच्या पानांची. पिवळी पिकलेली पानं धुऊन सुमारे वर्षभर मिठात मुरवतात, मग गोडसर पिठात बुडवून, तीळ घालून, कुरकुरीत तळतात.

साडूंनी शीटमधला 'पानं' हा रकाना उघडला, आणि एवढ्या खटाटोपात पहिल्यांदाच त्यात 'नक्की' असं लिहिलं. आमच्या चौदा दिवसांच्या बेतात खात्रीनं मिळणारं पिकलं पान हे एवढं एकच आहे, आणि तेही गेल्या शरदातलं आहे.